सेठजींचा हर्निया

अन्याय भूमेश्वरीताईवर झाला. गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती तेव्हा. बाळंतपण अडलं म्हणून तिला आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ऑपरेशन थिएटर आहे. थिएटरला दार आहे, दाराला कुलूप आहे, कुलपाला किल्ली आहे, आणि किल्ली ज्या कारकुनाकडे होती तो सुट्टीवर होता. किल्ली मिळाली असती तरी सर्जन नव्हता. सर्जन मिळाला असता तरी भूल देणारा डॉक्टर नव्हता. मग तिला ‘रेफर’ केलं. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ एवढाच, की जा बाई, जमेल तिथं मोकळी हो. हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. तिथेच, एक ढाबा आणि एक पंक्चरचं दुकान यांच्या मधोमध, गाडीत ती बाळंत झाली. ढाब्यावरच्या बायांनी चादरी धरल्या. आई जगली, लेक जगली. गाव हसलं आणि त्या लेकीला ‘हायवे’ म्हणू लागलं. मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. भीती म्हणून नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते ती ड्युटीवरच्या सिस्टरवर, आणि ज्यांनी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्या ते चौकशी समितीत बसून चहा पितात.

आता ज्यांच्यावर लिहायचं आहे त्यांच्याकडे येते. त्यांचंही नाव लिहीत नाही. सगळा तालुका त्यांना सेठ म्हणायचा, तेवढं पुरे. धानाचे व्यापारी, आणि आमच्या संघटनेच्या ऑफिसचे घरमालक. ऑफिस म्हणजे त्यांच्या गोदामाला चिकटलेली एक खोली. आम्ही क्रांतीच्या गप्पा मारायचो आणि भिंतीपलीकडून पोती आपटल्याचा धप्प आवाज यायचा. दुपारपर्यंत आमच्या घोषणांवर धुळीचा थर बसलेला असायचा.

खोली मागायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “काय करता तुमी लोकं?”

“लोकांच्या आरोग्याच्या हक्कासाठी लढतो.”

“लढा. भाडं पाच तारखेले.”

सेठजी सत्तरी ओलांडलेले, बारीक, काटकुळे. अंगात खिसेवाली बंडी, कानावर पेन्सिलीचा तुकडा, तोंडात कच्च्या तांदळाचे दोन-चार दाणे. हे दाणे ते दिवसभर चघळायचे, लोक तंबाखूचा खर्रा चघळतात तसे. बंडीच्या लांब खिशातून परखीचं टोक बाहेर डोकवायचं. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी. पोतं न उसवता पोटातला दाणा बाहेर काढते. वर चांगला माल आणि खाली भुसा भरणाऱ्या जगाशी सेठजी त्या एका नळीवर लढत आले होते, आणि पुढेपुढे त्यांना पोतं आणि बाकीचं जग यात फरकच कळेनासा झाला. टरबुजात परखी. लग्नाच्या मंडपातल्या गादीत परखी. एकदा गणपतीच्या प्रसादाच्या लाडवात परखी, तेव्हा मंडळाच्या पोरांनी त्यांना पाटावरून उठवलं होतं.

कंजूष म्हणाल तर असे, की समोरचा माणूस पाणी प्यायला उठला तरी पंखा बंद. पण स्वस्तातली वस्तू घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. घेतली की चांगलीच घ्यायची, आणि भाव पाडूनच घ्यायची. त्यांचा मुलगा गोंदियात राईस मिल चालवतो. तो आला की बोलता बोलता म्हणायचा, “बाबूजी, महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार-बार.” सेठजी भडकायचे.

“हे म्हण ज्यानं काढली ना, तो महाग इकणारा असन. सस्ता रोते काऊन? सस्त्यात वाईट मिसळवणारा बसला हाय मनून रोते.”

आणि मग कनकी यायची. कनकी म्हणजे तुटका तांदूळ, कोंबड्यांना घालतात तो. गरिबाच्या घरी शिजतो तोही. सेठजींचं सगळं तत्त्वज्ञान कनकीत होतं.

“गरिबाले कनकी अन् सायबाले वासाचा चिन्नोर, असं लोकं मनते. मी मनतो, दाणा जन्मतःच तुटलेला असते का? मिलवाला मशीन वाकडी चालवते, दाणा तुटते. मंग तोच मनते, गरिबाले एवढंच परवडते. अरे, मशीन नीट कर ना बाप्पा! नीट केलीस तं माल बी चांगला निघन अन् नुकसान बी कमी.”

हे ऐकून मी त्यांना म्हटलं होतं की हेच तर आमच्या आरोग्य धोरणाच्या पत्रकात आहे. त्यांनी हात पुढे केला. “दाखव.”

मी पत्रक दिलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

“‘तीव्र निषेध.’ भुसा. ‘सर्वसामान्य जनता त्रस्त.’ कोंडा. ‘शासनाने तातडीने योग्य ती पावले उचलावीत.’ हे काय होय? कोणाचे पाय? कोणती पावलं? भुसा.” पानभर रेघा मारून झाल्यावर एका ओळीवर पेन्सिल थांबली. “‘दवाखान्यात रक्त तपासायचं मशीन आहे, पण तपासणारा नाही.’ हा दाणा हाय. हा एकच दाणा हाय. बाकी पोतं वापस ने.”

मला राग आला. माझी पत्रकं राज्य पातळीवर वाचली जातात, हे मी त्यांना सुनावलं.

“वाचते तं काई होते का?”

तेव्हापासून ते मला ‘पत्रकवाली’ म्हणू लागले.

भूमेश्वरीताई त्यांच्याच गोदामात झाडायला यायची. सांडलेलं धान गोळा करून सुपात घोळून द्यायची. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सेठजी आमच्या दारात आले. तिचे दिवस भरलेत हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी फक्त झालं का एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. थिएटर, कुलूप, कोहमारा, चादरी. त्यांचं चघळणं थांबलं.

“मंग तो ऑपरेशनचा कमरा कायले बांधला?”

“मले काय विचारता? त्यायले विचारा.”

“चल मंग.”

त्यांच्या लुनावर मागे मी, पुढे ते, आणि आमच्या दोघांच्याही पुढे परखीचं टोक. असे आम्ही ग्रामीण रुग्णालयात पोचलो. सेठजी वॉर्डात शिरले ते थेट रिकाम्या खाटेकडे गेले आणि गादीत परखी खुपसली. बाहेर आला तो काळा पडलेला काथ्या. त्याचा वास घेतला, मान हलवली. मग औषधाच्या खिडकीवर जाऊन तापाची गोळी मागितली आणि दातांनी तिचा तुकडा पाडला.

खिडकीतली सिस्टर ओरडली, “ओ सेठजी! ताप नाई तं गोळी कायले खाऊन राहिले?”

“खाल्ली नाई, चाखली. कडू हाय. माल बराबर हाय.” आणि माझ्याकडे वळून, “पाय, गोळी चांगली हाय, सिस्टर बी चांगली हाय, जागेवर हाय. म्हणजे सगळं पोतं खराब नाई.”

कारकून सुट्टीवरून परतला होता. त्याने थिएटर उघडलं. आत मच्छरदाण्यांचे गठ्ठे, धूर फवारायचं यंत्र, पाय मोडलेल्या खुर्च्या, हत्तीरोगाची पोस्टरं. आणि मधोमध ऑपरेशनच्या टेबलावर, मच्छरदाणीच्या ढिगात, एक मांजर आपल्या पिलांना पाजत पडलेली. त्या थिएटरात झालेलं तेवढं एकच बाळंतपण असावं.

सेठजींनी परखी खिशात घातली. इथे खुपसून पाहायची गरज नव्हती.

अधीक्षक साहेब भला माणूस. पुण्याकडचे, तालुक्याचा भार एकट्याच्या खांद्यावर, डोळ्यांखाली काळं. ते म्हणाले, “सेठजी, तुम्हाला काय सांगू. सर्जनचा दिवस बुधवार. फळ्यावर लिहिलाय बघा. पण ते येत नाहीत, कारण इथे ऑपरेशनला पेशंट नसतो. आणि पेशंट येत नाही, कारण इथे सर्जन नसतो.”

“मंग कोणी तरी एकानं आधी यायले पायजे.”

“तेच म्हणतोय मी.”

“हा घ्या पेशंट,” असं म्हणून सेठजी उभे राहिले आणि त्यांनी पायजम्याच्या नाड्याला हात घातला.

मी गर्रकन वळून भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या पोस्टरकडे तोंड केलं. त्या पोस्टरचं इतकं बारीक वाचन आजवर कोणी केलं नसेल. मागे साहेबांचा आवाज आला, “अहो, अहो!” आणि मग तोच आवाज गंभीर झाला. “सेठजी, हर्निया मोठा आहे. कधीपासून आहे?”

“लय दिवसाचा हाय. हातानं दाबतो, आत जाते.”

“एक दिवस जाणार नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. चेष्टा नाही ही. तुम्हाला काय कमी आहे? उद्याच नागपूरला जा.”

“जाऊन आलो.”

हे खरं होतं. उन्हाळ्यात मुलाने त्यांना गाडीत घालून नागपूरच्या एका काचेच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथला किस्सा सेठजी स्वतःच सांगायचे, मुलीचा आवाज काढून. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, डीलक्स, सेमी-डीलक्स की जनरल? सेठजींनी विचारलं, डीलक्समधी हर्निया वेगळा कापते का? नाही, हर्निया तोच. डॉक्टर वेगळा? नाही, डॉक्टर तेच. हर्नियावर बसवायची जाळी? तीच. टाके? तेच. मग फरक काय? तर रूममध्ये टीव्ही आहे आणि नातेवाइकांसाठी सोफा आहे. “मंग मी झोपीन जनरलमधी, अन् टीव्ही माझ्या घरी हाय,” असं सांगून त्यांनी जनरलचा भाव विचारला, आणि मग त्या भावात जाळी किती, डॉक्टर किती, बिल्डिंगची काच किती, हे वेगळं वेगळं करून मागितलं. ती मुलगी म्हणाली, सर, पॅकेज फोडता येत नाही. सेठजी म्हणाले, “जे पोतं उसवू देत नाई, ते मी घेत नाई.” आणि बाहेर येऊन गाडीत बसले.

म्हणून आता साहेबांना त्यांनी सांगितलं, “हर्निया इथंच कापून घेईन. तुमी सर्जन आणा, मी बुधवारी येऊन बसतो.”

“नाही आला तर?”

“तं त्याच्या पुढच्या बुधवारी.”

मी उपोषणं पाहिली आहेत, धरणं पाहिली आहेत, टाकीवर चढलेले लोक पाहिले आहेत. स्वतःच्या पोटातला हर्निया ओलीस ठेवणारा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दर बुधवारी सकाळी सेठजी ओपीडीसमोरच्या बाकावर येऊन बसायचे. एक हात पोटाखाली, एक हात परखीवर. खोकला आला की दोन्ही हात पोटाखाली. मी पत्रक काढलं. त्यांनी चाळून-चाळून उरवलं ते असं: ‘थिएटर उघडा. सेठचा हर्निया इथंच कापा. सेठ बाकावर बसले आहेत.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक, आणि सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं.

पण तालुक्याने ते वाचलं आणि भलताच अर्थ लावला. आमच्याकडे ज्याच्या खिशात पैसा आहे तो सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. कर्ज काढील, शेत विकील, पण गोंदियाला, नागपूरला, रायपूरला जाईल. हे इतकं पक्कं, की सेठ सरकारी बाकावर दिसले तेव्हा गावाने एकच निष्कर्ष काढला. सेठ बुडाले. दिवाळं निघालं.

आठवड्याभरात बँकेचे मॅनेजर सहज भेटायला म्हणून आले. बिरसीच्या ज्या घरात सेठजींच्या नातीचं जमत आलं होतं, तिथून मुलाचे वडील आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “सेठजी, काई अडचण असन तं मोकळेपणानं सांगा. आमी परके नाई.”

“अडचण हाय ना,” सेठजी म्हणाले. “भूल देणारा नाई.”

पाहुण्यांना काहीच कळलं नाही. घरी जाऊन विचार करतो म्हणाले.

कहर केला सेठजींच्या दवनीवाड्याच्या साळ्याने. हा मोठा शेतकरी, बहिणीवर फार जीव. बिचारा तांदळाचं पोतं जीपमध्ये टाकून घेऊन आला आणि ओसरीवर उतरवून म्हणाला, “जिजाजी, लाजू नोका. वेळ सगळ्यायवर येते.” तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या तांदळाच्या व्यापाऱ्याला तांदळाचं पोतं! सेठजींनी हात खिशात घातला. परखी काढली, पोत्यात घातली, दाणे तळहातावर घेतले, एक चावला.

“कनकी मिसळली हाय,” ते म्हणाले. “मदत कराची तं नीट कर.”

साळा पोतं घेऊन परत गेला आणि सहा महिने बोलला नाही.

मुलगा गोंदियाहून धावत आला. “बाबूजी, बाजार में लोग क्या-क्या बोल रहे हैं! मी दवाखान्याला एसी देतो. दोन देतो. तुमच्या नावाची पाटी लावतो. तुम्ही नागपूरला चला.”

“एसी कोणाले? मच्छरदाण्यायले?”

त्यांची बायको तेवढी शांत होती. एकदा मला म्हणाली, “माह्या लग्नात त्यायनं मांडवातला भात परत पाठवला होता, बाई. तवापासून मी कायलेच घाबरत नाई.”

आता जे लिहिते ते मी सेठजींच्या कौतुकात लिहीत नाही. सेठ बसतात तर आपणही बसावं, असं हळूहळू लोकांना वाटू लागलं. धोतराखाली, लुंगीखाली दडवून ठेवलेले हर्निये बाहेर आले. बाक भरला, मग दुसरा बाक आणावा लागला. एका बुधवारी सेठजींनी त्या बाकांवरून नजर फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं की यातले अर्धे चेहरे आपल्या ओळखीचे आहेत. ते त्यांचेच हमाल होते. आजचे, कालचे, म्हातारे झाले म्हणून घरी बसलेले.

“तुमाले सगळ्यायलेच कसा काय झाला?” त्यांनी विचारलं.

हमाल एकमेकांकडे पाहू लागले. मग मी बोलले. “तुमच्या पोत्यायनं झाला, सेठजी. पाठीवर पोतं घेऊन फळीवर चढले मनून झाला. क्विंटलच्या पोत्यानं माणूस आतून फाटते.”

“मंग सांगाचं ना मले.”

बाकाच्या टोकाचा म्हातारा हमाल, ज्याने त्यांच्याकडे उभी हयात काढली होती, तो म्हणाला, “सांगून काय केलं असतं सेठजी? तुमी परखी घातली असती.”

बाक खो खो हसला. सेठजी हसले नाहीत. घरी जाताना लुना त्यांनी हळू चालवली. त्या हंगामात त्यांच्या गोदामात पोतं अर्ध्या वजनाचं झालं. मजुरी तीच ठेवली का, असं मी मुद्दाम विचारायला गेले, तर “तू पत्रक काढशीन मनून तीच ठेवली,” असं गुरगुरले. पंखा बंद केला.

वरच्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली होती. आम्ही थिएटर रिकामं करायला लावलं, मच्छरदाण्या जिथे मच्छर आहेत तिथे वाटायला लावल्या, मांजर आपली आपण गेली. रंग लागला, दिवे लागले, गादीत कापूस आला. सर्जन एका बुधवारी आले, तरुण, उत्साही. थिएटर पाहून खूश झाले आणि म्हणाले, “सगळं आहे. भूलतज्ज्ञ कुठाय?” भूलतज्ज्ञ नव्हते. सर्जन परत गेले. पुढच्या बुधवारी भूलतज्ज्ञांची ऑर्डर निघाली, सर्जन रजेवर. असं ते चालू राहिलं, आणि इकडे सेठजींचा रंग पिवळट होत चालला. खोकला वाढला होता. अधीक्षक साहेब रोज फोन करून विचारायचे, आत जातो का? सेठजी म्हणायचे, जाते, जाते.

आणि एका बुधवारी तो आत गेला नाही.

सकाळी ते बाकावर आले तेव्हाच घामाने भिजलेले होते. थोड्या वेळाने उलटी झाली. तोंडातले दाणे बाहेर पडले, आणि ते पाहून मला जितकी भीती वाटली तितकी कशानेच वाटली नव्हती. सर्जन नेमके त्या दिवशी आलेले. त्यांनी सेठजींना आडवं करून, पाय वर करून, हलक्या हाताने दाबून पाहिलं. जाईना.

“अडकलाय,” ते म्हणाले. “ऑपरेशन आजच पाहिजे. मी तयार आहे, थिएटर तयार आहे. भूलतज्ज्ञ गोंदियाहून निघालेत.”

“कुठे आहेत?” मी विचारलं.

साहेबांनी फोन लावला आणि कानावरून खाली घेतला. “कोहमारा. ट्रकांत अडकलेत.”

मुलगा गाडी घेऊन दारातच उभा होता. गाडीत गादी घातलेली, नागपूरच्या दवाखान्याला फोन झालेला. तो रडकुंडीला आला होता. “बाबूजी, अब बस हुआ! उचला रे त्यांना!”

सेठजींनी बाकाची फळी धरली. आवाज निघत नव्हता, तरी बोलले. “नागपूरले जायचा रस्ता कोणता?”

“कोहमाऱ्यावरूनच, बाबूजी.”

“मंग मले तिथं कायले नेते? तिथंच अडकीन. तिथून डॉक्टरले आण ना, गधा.”

मुलाने डोळे पुसले. मग धावला. जाताना गाडी भरधाव गेली, आणि येताना, असं नंतर भूलतज्ज्ञांनीच सांगितलं, तिने शेताचे बांध, एक शाळेचं मैदान आणि कोणाच्या तरी अंगणातलं वाळवण पार केलं. नागपूरला न्यायच्या रुग्णासाठी घातलेल्या गादीवर बसून गोंदियाचा डॉक्टर आला. तोवर हमालांनी सेठजींना बाकासकट उचलून थिएटरच्या दारात नेऊन ठेवलं होतं. पोती उचलणारेच ते. फक्त या वेळी चौघांनी मिळून उचललं.

दारात सेठजींनी सर्जनचा हात धरला. “आधी माह्यावर होऊन राहिलं, हे बरं झालं. नमुना खराब निघाला तं बाकीच्यायले घरी पाठवजा.”

भूल कमरेत दिली होती, त्यामुळे तोंड मोकळं होतं. आतलं मला सिस्टरने सांगितलं. जाळी आणल्यावर त्यांनी ती पाहायला मागितली. कोणती कंपनी, भाव काय, नागपूरले हेच लावते का? सर्जन म्हणाले, हीच लावतात. मग सेठजी म्हणाले, “मंग टीव्ही इथं बी बसवा, भाव वाढन.” सर्जन हसू लागले, हात थांबवावा लागला. शेवटी ते भूलतज्ज्ञांना म्हणाले, “डॉक्टर, यांच्या तोंडाला काही देता येईल का?”

आतडं वाचलं. सेठजी वाचले.

त्यांना जनरल वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट आलं, त्यांनी भाताचा एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे केला, आणि मी म्हटलं, झालं. ठेकेदाराला बोलावलं गेलं. टाके ओले, नाकाशी नळीची खूण, आणि माणूस खाटेवर उठून बसून ओरडतोय, “बिलात कोणता तांदूळ लिहिला अन् ताटात कोणता टाकला, सांग!” शेजारच्या खाटेवरचे पेशंट पहिल्यांदा आपापल्या ताटाकडे नीट पाहू लागले. त्या आठवड्यापासून वॉर्डात अख्खा दाणा शिजू लागला. पेशंट औषधाने बरे झाले की भाताने, साहेब म्हणतात सांगता येत नाही.

बाकावरचे सगळे एकेक करून आत गेले आणि चालत बाहेर आले. थंडीत तिथे पहिलं सिझेरियन झालं. बिरसीचे पाहुणे परत आले, स्वतःचं हायड्रोसील घेऊन. लग्न ठरलं.

सेठजी या उन्हाळ्यात गेले. हर्नियाने नाही. दुपारचं जेवले, पंखा बंद केला, झोपले, उठले नाहीत. त्यांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, तर मला साहेबांनी बोलावलं. बुधवारच्या यादीत नावं येत नाहीत. जे येतात ते असे, की ज्यांना दुसरीकडे जायला भाडं नाही, आणि त्यांचा आवाज कोहमाऱ्यापलीकडे जात नाही. सेठजी गेल्यापासून एकही ऐपतदार माणूस त्या टेबलावर आडवा झालेला नाही. वरून पत्र आलं आहे की प्रतिसाद नसेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही जिल्ह्याच्या ठिकाणी परत घेऊ. मग थिएटर बंद. मग पुढची बाई पुन्हा रस्त्यावर.

शासनाकडे मागणी मी वेगळ्या पत्रकात केली आहे. ही मागणी तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणजे हे वाचणारे. शिक्षक, दुकानदार, पंचायत समितीतले बाबू, दोन मजली घरवाले, ट्रॅक्टरवाले. तुमच्या घरात कोणाला तरी हर्निया आहे. सासऱ्यांना आहे, काकांना आहे, किंवा तुम्हालाच आहे आणि हे वाचता वाचता तुम्ही शर्ट खाली ओढलात. तो नागपूरला नेऊ नका. येत्या बुधवारी सकाळी केसपेपर काढा आणि ओपीडीसमोर बसा. शेजाऱ्याला दिसेल असे बसा. लाज वाटली तरी बसा. गादी खराब असली तर ओरडा. डॉक्टर नसला तर उठू नका. लेख आवडला असं मला कळवू नका. यादीत नाव द्या.